मधल्या खोलीचे डॉ. केळशीकर

डॉ. केळशीकरांच्या घरी कुणी मराठी माणूस पहिल्यांदा गेला की ते त्याला नाव विचारत नसत. नाव त्यांना आधीच कळलेलं असे. ते विचारत, "मूळचे कुठले?" आपण पुणं किंवा नाशिक म्हणालो की डोळे बारीक करून म्हणत, "ते आत्ताचं. मूळचे?" मग आपण आजोबांचं गाव सांगायचं, त्यांनी ते तोंडात घोळवायचं आणि हाताने जमिनीवरच्या चटईवरची एक जागा दाखवायची. तिथे बसायचं. घरात खुर्च्या होत्या, पण त्यांवर पुस्तकं बसलेली असत.

चटई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरलेली, लांब आणि अरुंद. ते स्वतः मधोमध बसत. ज्याच्याविषयी त्यांचं मत बरं असे तो त्यांच्या डाव्या-उजव्या हाताला, बाकीचे टोकांकडे सरकत जात. माझं आडनाव शेवाळे आणि मूळ गाव सटाण्याजवळचं. मला त्यांनी दाराशी बसवलं, जिथे सगळ्यांचे बूट काढून ठेवलेले होते.

मला हा माणूस आवडला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते गेले तेव्हा मराठी मंडळाच्या ईमेलमध्ये 'नव्या पिढीचे प्रेमळ मार्गदर्शक' असं त्यांच्याविषयी लिहून आलं होतं. ज्याने लिहिलं तो चटईच्या टोकालाच बसायचा, माझ्या शेजारी. मेलं की माणूस आपोआप प्रेमळ होतो हे मला माहीत आहे, पण माझ्याच्याने त्यात भर घालवत नाही.

मी दोन हजार तीनच्या सुमाराला पीएचडीसाठी हॅनोव्हरला गेलो. तेव्हा तिथे मराठी माणसं दोन प्रकारची. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत काम करणारे इंजिनिअर, आणि आमच्यासारखे विद्यार्थी. केळशीकर या दोन्हींत बसत नसत. ते आमच्या जन्माआधीच जर्मनीत आलेले, मानववंशशास्त्राचे, आता निवृत्त. मंडळात त्यांचा दबदबा होता तो ते जर्मन फार शुद्ध बोलत म्हणून आणि त्यांचं एक पुस्तक होतं म्हणून. पुस्तक कुणी वाचलेलं नव्हतं. ते बोर्निओ बेटावरच्या मेलानाव लोकांविषयी आहे, नदीकाठच्या लुबान नावाच्या एका गावाचा आणि तिथल्या जुन्या लांबघराचा इतिहास आहे, एवढं सगळ्यांना पाठ होतं.

इंजिनिअर लोकांना ते 'नटबोल्ट' म्हणत. आम्हाला 'स्टायपेंडवाले'. कुणी काही माहिती सांगायला गेलं की त्याचं वाक्य पुरं होण्याआधी विचारत, "मी विचारलं का तुम्हाला?" जर्मनांशीही त्यांचं पटत नसे. त्यांच्या इमारतीत आठवड्याला एकेकाची जिना पुसायची पाळी असे. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंची पाळी आली की हे पायरीच्या कोपऱ्यात एक आगकाडी ठेवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी आगकाडी तिथेच दिसली की हाउसफेरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाला, फोन. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना ते इतके खूश होते की मीही हसलो. त्यांची जर्मन बायको फार पूर्वी सोडून गेली होती. कशामुळे ते कुणी सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे.

त्यांची आवडती शिवी होती 'टोकाची खोली'. त्याचा अर्थ कळायला चटईवर बसून त्यांचं व्याख्यान ऐकावं लागे. ते मी ऐकलं, आणि खरं सांगायचं तर ते सांगायला लागले की बुटांचा वास विसरायला होई. नदीच्या काठावर एकच घर, पण त्यात अख्खं गाव. लोखंडासारख्या टणक लाकडाचे खांब, तीन-तीन पुरुष उंच, आणि त्यांच्यावर ते घर. समोरून एक लांबच लांब ओसरी, मागे एकाला एक लागून खोल्या, एका खोलीत एक कुटुंब. समुद्रातून लुटारू नदीत शिरत, माणसं पकडून विकायला नेत. ओरड झाली की शिडी वर ओढून घ्यायची. मधल्या खोल्या थोरामोठ्यांच्या. त्यांच्या दोन्ही अंगांना साधी माणसं. आणि अगदी टोकाला गुलाम, लढाईत धरून आणलेले, कर्ज न फिटलेले.

"कारण हल्ला आधी टोकावर होतो," केळशीकर म्हणत. "आग आधी तिथे लागते. मरायला कुणीतरी लागतंच."

मग तिथे गोऱ्यांचं राज्य आलं, लुटारू थांबले, आणि एकेक कुटुंब खाली उतरून काठाकाठाने स्वतःचं वेगळं घर बांधून राहू लागलं. "भीती होती तोवर एका छपराखाली होते," ते म्हणत. "भीती गेली, घर मोडलं. तुमच्या मंडळाचंही तेच होणार आहे." ते तरुणपणी लुबानला गेले तेव्हा लांबघर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. चिखलात काही खांबांचे बुंधे होते, बस. तरी त्यांनी गावात दोन पावसाळे राहून, विचारून विचारून, त्या घराचा नकाशा काढला. कुठली खोली कुणाची, आज गावात असलेलं कुठलं घराणं त्या वेळी कुठे राहत होतं, सगळं नावानिशी. तो नकाशा मोठा करून त्यांनी भिंतीवर लावला होता. त्याखाली ते बसत.

मंडळातल्या प्रत्येकाला त्यांनी त्या नकाशात बसवून टाकलं होतं. अमका मधला, तमका मधल्याच्या शेजारचा. कुणी नवीन आला आणि बोलण्यातून त्याचं घराणं उमगलं नाही की तो उठून जाताना त्याच्या पाठीमागे म्हणत, "टोकाची खोली." हे ते मेलानाव लोकांविषयी बोलत होते की आपल्याकडच्या कशाविषयी, हे न कळण्याइतके आम्ही लहान नव्हतो. पण परदेशात म्हातारा माणूस, विद्वान, म्हणून सगळे हसून घेत. मी हसत नसे.

एका महाशिवरात्रीला मंडळाने हॉल घेतला होता. सीमाताई म्हणून एक होत्या, नवरा नटबोल्टांतला. त्यांनी पुण्याहून सामानातून आणलेल्या साबुदाण्याची खिचडी केली होती, पन्नासएक माणसांची. केळशीकरांनी एक चमचा तोंडात घातला आणि ताटली खाली ठेवली.

"हा साबुदाणा नव्हे."

"अहो डॉक्टर, खास पुण्याहून आणलाय," सीमाताई म्हणाल्या.

"कुठूनही आणा. साबुदाणा झाडाच्या गाभ्यातून निघतो. ताडासारखं झाड असतं. लुबानच्या बायका तो गाभा नदीवरच्या माचावर पायांनी तुडवतात, तेव्हा त्याचं पीठ खाली येतं. हे तुमचं कारखान्यातलं टॅपिओका आहे, कंदाचं. पिढ्यान्‌पिढ्या उपासाला काय खातो तेच ठाऊक नाही तुम्हाला."

"आवडली नसेल तर ठेवा ना, असं बोलता कशाला?" सीमाताईंचा चेहरा उतरला होता.

"मी विचारलं का तुम्हाला?"

सीमाताई आत जाऊन भांडी घासत बसल्या. मला इतका राग आला की मी त्यांच्याकडून पिशवीतले उरलेले मूठभर कच्चे दाणे मागून घेतले. माझा विषयच स्टार्च होता. म्हटलं, सोमवारी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली बघू आणि या माणसाला खोटं पाडू.

सोमवारी बघितलं. माझ्या शेजारच्या टेबलावर लुसिया काम करायची. मलेशियाची, सारावाकची, अन्नशास्त्राची पीएचडी करणारी. तिचा विषय नेमका साबुदाण्याच्या झाडाचा स्टार्च. मी तिला स्लाइड दाखवली. तिने एक डोळा लावला आणि म्हणाली, "टॅपिओका. गेनाऊ, अगदी तेच. यात शंका कसली?"

म्हणजे म्हातारा बरोबर होता. मी चरफडत तिला सगळी हकीकत सांगितली. नदी, माच, तुडवणाऱ्या बायका इथपर्यंत ती हसत होती. मी केळशीकर हे नाव घेतलं तेव्हा तिने हातातली काच खाली ठेवली.

"तो जिवंत आहे?" ती म्हणाली. "इथे? या शहरात?"

लुसिया लुबानची होती. मेलानाव. शेजारी बसून दीड वर्ष झालं होतं आणि मी तिला 'मलेशियन' यापलीकडे कधी काही विचारलं नव्हतं. तिने मला सांगितलं ते असं. तिचं लग्न ठरलं होतं, त्याच गावातल्या मुलाशी. तिच्या लोकांत लग्नाच्या वेळी मुलाकडून मुलीकडे ज्या वस्तू जातात, त्या मुलीच्या घराण्याच्या पायरीप्रमाणे ठरतात. पितळी घंटा, तोफेसारखी एक जुनी पितळी वस्तू, कापड. वस्तू हल्ली नावापुरत्याच, कित्येकदा शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या. पण कुठल्या वस्तू ठेवल्या ते सगळ्या गावादेखत मोठ्याने सांगतात, आणि त्यावरून तुम्ही कोण ते ठरतं. तिच्या घरात ते आजवर कधी अडलं नव्हतं. आता अडलं होतं, कारण मुलाच्या थोरल्या आजोबांना शहरातल्या ग्रंथालयात केळशीकरांचं पुस्तक मिळालं होतं. त्यातल्या नकाशात लुसियाच्या पणजोबांचं नाव टोकाच्या खोलीत होतं.

"गुलामांच्या," ती म्हणाली. "आजोबांनी घरी येऊन पुस्तक उघडून वडिलांना दाखवलं. वडील म्हणाले, हे खोटं आहे. ते म्हणाले, छापलंय."

"तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचं काय म्हणणं?"

"त्याला काही नाही त्याचं. मलाही नसतं. पण वडील म्हणतात, गुलामाच्या वस्तू मांडल्या तर मी त्या ओसरीवर पाय ठेवणार नाही. तू लग्न कर, मी घरी बसतो. शेवाळे, माझी आई नाही. मला वाढवलं ते त्यांनी."

तिला एवढंच हवं होतं: केळशीकरांनी त्या आजोबांना सांगावं की हा भाग ऐकीव आहे, पक्का नाही. ते सांगतील तर आजोबा ऐकतील. गावात अजून त्यांचं नाव निघतं. मी म्हटलं, चल, मी घेऊन जातो तुला.

शनिवारी आम्ही गेलो. केळशीकरांनी दार उघडलं, मी ओळख करून दिली, लुबान म्हटलं, आणि ते तिच्याशी एकदम तिच्या भाषेत बोलायला लागले. मला ती भाषा येत नाही, पण गृहस्थाचा आवाज बदलला होता एवढं कळलं. लुसियाने ऐकून घेतलं आणि जर्मनमध्ये उत्तर दिलं. "मी जर्मन बोलते, म्हणजे शेवाळेंनाही समजेल."

त्यांना ते लागलं. त्यांनी तिच्या बापाचं नाव विचारलं, मग आजोबांचं. मग वळून नकाशाकडे बघितलं आणि चटईच्या टोकाकडे, बुटांपाशी, हात केला. लुसिया सरळ गेली आणि मधोमध, त्यांच्या स्वतःच्या जागेवर, मांडी घालून बसली.

केळशीकर उभेच. "तिथे मी बसतो."

"आल्झो, मग बसा ना," ती म्हणाली आणि जरा सरकली.

ते बसले नाहीत. सगळं बोलणं त्यांनी उभ्याने, खिडकीला पाठ लावून ऐकलं. माझी खात्री होती की नाही म्हणतील. पण ती म्हणाली की पुढच्या शनिवारी वस्तू ठरवायला दोन्हीकडची मंडळी मुलाच्या घरी बसणार आहेत, तेव्हा फोन लावता येईल, तर त्यांनी विचारलं, "कुणाच्या घरी?" तिने घराणं सांगितलं. त्यांनी भिंतीला हात टेकला. मुलाचं घर म्हणजे तेच घर, जिथे ते दोन पावसाळे राहिले होते. थोरले आजोबा म्हणजे त्यांच्या घरमालकिणीचा भाऊ.

"माझी तिथली आई," ते मला मराठीत म्हणाले. "आई गेली हे कळवलं होतं त्यांनी. बहीण आहे?" मग लुसियाला जर्मनमध्ये विचारलं, "तिची मुलगी आहे? थोरली?" लुसिया म्हणाली, आहे, म्हातारी झाली आहे, ऐकू नीट येतं. ते म्हणाले, फोन करू.

पुढच्या शनिवारी सकाळी स्टेशनमागच्या एशियाई दुकानातून घेतलेलं कॉलिंग कार्ड घेऊन आम्ही गेलो. तिकडे दुपार होती. केळशीकरांनी दाढी केली होती, चक्क कोट घातला होता, आणि चटईवर फोन मांडून ठेवला होता. चहाही केला होता. त्या घरात चहा मिळाल्याचं मी कुणाकडून ऐकलं नव्हतं.

स्पीकर लावला. पलीकडे पुष्कळ माणसं, कोंबडे, कुणाचं तरी मूल. आधी ते बहिणीशी बोलले. मी कडेला बसून नुसतं बघत होतो. तो माणूस हसत होता. मधेच गाणं म्हटल्यासारखं काहीतरी म्हणाला, पलीकडून म्हातारीने त्याचा पुढचा तुकडा म्हटला, आणि दोघंही हसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कोटाच्या बाहीने पुसत होते. त्या दहा मिनिटांत मला ते जवळजवळ आवडले होते हे कबूल करतो. लुसियाच्याही चेहऱ्यावरचा ताण गेला होता.

मग आजोबा बोलायला आले. त्यांनी लांबलचक काहीतरी विचारलं. केळशीकरांनी पाठ ताठ केली आणि दोन वाक्यांत उत्तर दिलं. लुसिया उठली, बूट हातात घेतले आणि जिन्यात जाऊन घातले. मी तिच्यामागे गेलो.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी जे लिहिलं ते तुमच्या बहिणीच्या तोंडून लिहिलं. ते खोटं म्हणणं म्हणजे तिला खोटं म्हणणं." तिने नाडी ओढून बांधली. "वडील तिथेच बसले होते. त्यांनी ऐकलं."

ती गेली. मी वर आलो. फोन बंद झाला होता आणि केळशीकर कपबश्या गोळा करत होते. मी आयुष्यात वडीलधाऱ्या माणसावर तेव्हा पहिल्यांदा आवाज चढवला.

"तुम्हाला पक्कं माहीत आहे का ते?"

"शेवाळे, हळू. रूहेत्साइट आहे, आवाज करायची वेळ नाही."

"पक्कं माहीत आहे का? दुसऱ्या कुणाला विचारलं होतं?"

"आईला विचारलं. तिच्याइतकं माहीत असलेलं गावात कुणी नव्हतं."

"आणि टोकाच्या घरांना? ज्यांना गुलाम लिहिलंत त्यांना?"

त्यांनी कपबश्या खाली ठेवल्या. मला वाटलं, आता ते विचारतील, मी विचारलं का तुम्हाला. पण तसं काही म्हणाले नाहीत.

"त्यांच्या घरी मी गेलोच नाही," ते म्हणाले. "तुम्हाला कळायचं नाही. नवखा माणूस, भाषा येत नाही, ताप येतोय. एका घराने उचलून मधे बसवलं, पोरगा म्हणाले. त्या टोकाच्या पायऱ्या चढलो असतो, त्यांच्याकडचं खाल्लं असतं, तर परत मधे बसू दिलं नसतं मला. मी त्या घरचं अन्न खाल्लंय. एका पोरीच्या लग्नासाठी मी आईला खोटं पाडू?"

"मग पुस्तकात तेवढं तरी लिहा. की मी त्या घरी गेलो नव्हतो."

"पुस्तक छापलंय."

"फार चांगलं घर मिळालं तुम्हाला," मी म्हटलं आणि निघालो. जिना उतरताना पायाशी आगकाडी दिसली. ती मी खिशात घातली.

संध्याकाळी मी लुसियाच्या वसतिगृहावर गेलो आणि ते जे बोलले ते तिला शब्दशः सांगितलं. तिने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "टोकाच्या पायऱ्या कधी चढलेच नाहीत? एकदाही?" मी म्हटलं, त्यांच्याच तोंडचं आहे. तिने त्याच वेळी वडिलांना फोन लावला.

उन्हाळ्यात ती गावी गेली ती लग्न करूनच परत आली. लॅबमध्ये तिने झाडाच्या साबुदाण्याची खमंग बिस्किटं वाटली आणि मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मंडळी पुन्हा बसली होती. वडील आजोबांसमोर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले: तो माणूस आमच्या पायरीवर कधी चढला का, कुणी पाहिलं असेल तर सांगा. गावातल्या म्हाताऱ्यांनी आठवून पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं. तेव्हा आजोबांनी बहिणीला, म्हणजे केळशीकरांच्या त्या तिथल्या बहिणीला, विचारलं की तुझ्या आईने त्याला नेमकं काय सांगितलं होतं.

म्हातारी आधी सांगेना. मग हसायलाच लागली. म्हणाली, तो बिचारा रोज सकाळी विचारायचा, कुणाची खोली कुठे, कुणाची खोली कुठे. आईला तरी कुठे ठाऊक होतं? तिच्या जन्माआधीच घर मोडलं. पण पाहुणा विचारतोय, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मग आदल्या दिवशी जिच्याशी भांडण झालं असेल तिच्या घरच्यांना ती टोकाला टाकायची. लुसियाच्या आजीशी तिचं साबुदाण्याच्या बनावरून भांडण होतं, ते बरेच दिवस चाललं. तो आत लिहायला बसला की आम्ही सगळ्या मागे चुलीपाशी हसायचो.

आजोबांनी पुस्तक मिटून खिडकीत ठेवलं. वस्तू मधल्या खोलीच्या मांडल्या. वडील ओसरीवर पहिल्या रांगेत बसले होते, असं सांगताना लुसिया रडली आणि मग पुन्हा बिस्किटं वाटायला गेली.

मी त्यानंतर केळशीकरांच्या घरी गेलो नव्हतो. डिसेंबरात एकदा युनिव्हर्सिटीजवळच्या ट्रामच्या थांब्यावर भेटले. कानटोपी, हातात कापडी पिशवी, आणि पुष्कळ बारीक झालेले.

"काय शेवाळे, स्टायपेंड संपला नाही वाटतं अजून?"

मी हो-हो केलं. त्यांनी ट्राम येते का ते वाकून बघितलं आणि मग, जणू हवापाण्याचं विचारावं तसं, विचारलं, "त्या मुलीचं झालं का लग्न?"

मी म्हणू शकलो असतो, हो झालं. तेवढ्याने चाललं असतं. पण मी सगळं सांगितलं. वडील काय म्हणाले, आजोबांनी काय विचारलं, म्हातारीने काय सांगितलं, एकही शब्द न गाळता. मुद्दाम सांगितलं, आणि सांगताना मला बरं वाटत होतं. आजही त्याचं काही वाटत नाही.

त्यांनी मधे तोडलं नाही. नकाशा चुकला म्हणून ते भांडतील, पुरावा मागतील, निदान म्हातारीला भ्रम झालाय म्हणतील असं मला वाटत होतं. नकाशाचा त्यांनी शब्दही काढला नाही.

"बहीण म्हणाली हे?"

"हो."

"सगळ्या हसायच्या म्हणाली? तीही?"

"सगळ्या."

ट्राम आली. दारं उघडली. मी चढलो आणि त्यांच्यासाठी जागा करून बाजूला झालो, पण ते चढले नाहीत. खालीच उभे राहून त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. त्या माणसाने मला पहिल्यांदाच काहीतरी खरोखर विचारलं, उत्तर हवं म्हणून.

"माझ्या लिहिण्याला हसायच्या, की मला?"

मी म्हटलं, "तुम्हाला." दारं लागली.